विश्लेषण : नुसता काळा चौकोन! मग त्यात बघायचे काय?

पांढऱ्या कॅनव्हासवर एक काळा चौकोन. माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही, आकाश नाही. काझिमिर मालेविच यांचे ‘ब्लॅक स्क्वेअर’ हे चित्र मोबाइलवर उघडले की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघते, ‘हे तर आमचा धाकटाही काढेल!’ मात्र १९१५ मध्ये लोकांसमोर आलेला हाच चौकोन आधुनिक कलेच्या इतिहासात वगळता येत नाही. पुढे तो चित्रकाराच्या सहीच्या जागी आला, त्यांच्या अंत्ययात्रेत गाडीच्या पुढे लावला गेला, आणि मूळ चित्र मात्र सोव्हिएत काळात कित्येक दशके लोकांच्या नजरेआड राहिले. एका चौकोनात एवढे असते तरी काय? आणि अमूर्त चित्रासमोर उभे राहिल्यावर बघायचे कसे? जाणून घेऊ या.

नेमके कसे आहे हे चित्र?

‘ब्लॅक स्क्वेअर’ हे कॅनव्हासवर तैलरंगात केलेले चित्र आहे. आकार ७९.५ बाय ७९.५ सेंटिमीटर. अंदाज यावा म्हणून कॅरम बोर्ड आठवा. स्पर्धेच्या कॅरमचा खेळायचा पृष्ठभाग साधारण ७४ सेंटिमीटरचा असतो. त्याहून हे चित्र तीन-चार बोटे मोठे. मॉस्कोतील त्रेत्याकोव्ह गॅलरीच्या संग्रहात ते आहे.

मधला मोठा भाग काळा आणि चारही बाजूंनी पांढरा पट्टा, एवढेच दुरून दिसते. जवळून पाहिले की गोष्टी बदलतात. काळा रंग सपाट नाही, त्यात ब्रशचे फटकारे आहेत. पृष्ठभागावर तड्यांचे जाळे पसरलेले आहे आणि काही तड्यांमधून खालचे दुसरे रंग डोकावतात. पांढरा पट्टा म्हणजे कोरा सोडलेला कॅनव्हास नव्हे, तोही रंगवलेला आहे. त्यामुळे ‘पांढऱ्यावर काळे काढले’ असे म्हणण्यापेक्षा काळा आणि पांढरा एकमेकांना टेकवून रंगवले, असे म्हणणे जास्त बरोबर ठरते.

‘चौरस’ की ‘चौकोन’?

शाळेच्या भूमितीत शिकलेली गोष्ट इथे कामी येते. प्रत्येक चौरस हा चौकोन असतो, पण प्रत्येक चौकोन चौरस नसतो. चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन असतील तरच तो चौरस. मालेविच यांच्या चित्रातील काळा आकार या परीक्षेत उत्तीर्ण होत नाही. त्याच्या बाजू चौकटीच्या कडांना समांतर नाहीत. पट्टी लावून आखल्यासारख्या त्या अजिबात दिसत नाहीत.

विशेष म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या सूचिपत्रात या चित्राचे नाव ‘ब्लॅक स्क्वेअर’ असे नव्हतेच. तिथे रशियन भाषेत ‘चौकोन’ या अर्थाचा शब्द छापला होता. ‘काळा चौरस’ हे नाव नंतर रूढ झाले आणि जगभर तेच टिकले.

मालेविच यांना सरळ रेघ मारता येत नव्हती का? तर तसेही नाही. तरुणपणी त्यांनी कुर्स्क शहरात रेल्वेच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून काम केले होते. नकाशे आणि आराखडे काढणे हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. अशा माणसाच्या हातून बाजू तिरक्या येतात तेव्हा ती चूक समजून पुढे जाणे घाईचे ठरेल. बाजू किंचित तिरक्या असल्यामुळे आकार स्थिर वाटत नाही. थोडा वेळ बघत राहिले तर तो पांढऱ्यावर तरंगतो आहे, असे वाटू लागते. कंपासपेटीतून काढलेला काटेकोर चौरस असा हलला नसता.

मालेविच या चौकोनापर्यंत कसे पोहोचले?

मालेविच यांचा जन्म १८७९ मध्ये कीव्ह शहराजवळ एका पोलिश कुटुंबात झाला. वडील साखर कारखान्यांत काम करत, त्यामुळे बालपण युक्रेनमधील बीटाच्या शेतांच्या आणि कारखान्यांच्या परिसरात गेले. गावातील शेतकरी घरांच्या भिंती रंगवत, नक्षी काढत, ते त्यांनी लहानपणीच पाहिले. आज रशिया आणि युक्रेन हे दोन्ही देश त्यांना आपला चित्रकार मानतात.

मॉस्कोत आल्यावर त्यांनी त्या काळातील जवळपास प्रत्येक शैली हाताळून पाहिली. प्रकाशाचे खेळ टिपणारी इम्प्रेशनिस्ट धाटणी, शेतकऱ्यांची ठसठशीत चित्रे, मग वस्तूंचे तुकडे करून पुन्हा जुळवणारा क्युबिझम. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘व्हिक्टरी ओव्हर द सन’ हा प्रायोगिक ऑपेरा रंगमंचावर आला. त्याचे नेपथ्य आणि वेशभूषा मालेविच यांची होती. पडद्यासाठी केलेल्या एका आराखड्यात चौकोनाचे काळ्या-पांढऱ्यात विभाजन दिसते. पुढे ते स्वतः ‘ब्लॅक स्क्वेअर’चे साल १९१३ सांगत. कला इतिहासकार मात्र प्रत्यक्ष चित्र १९१५ चे मानतात.

या प्रवासामागे एक साधा प्रश्न होता. हुबेहूब दाखवण्याचे काम कॅमेरा करू लागला होता. मग चित्रकाराने झाड झाडासारखे का काढायचे? चित्रातून झाड काढून टाकले, माणूस काढून टाकला, टेबलावरची फळे काढून टाकली, तर उरते काय? मालेविच यांचे उत्तर होते, रंग आणि आकार उरतात आणि ते पाहून मनात उमटणारी भावना उरते. वस्तूंच्या चित्रणापेक्षा या शुद्ध भावनेला श्रेष्ठ मानणाऱ्या आपल्या विचाराला त्यांनी ‘सुप्रीमॅटिझम’ असे नाव दिले. चित्रकलेला एकदा शून्यापर्यंत आणायचे आणि तिथून नवी सुरुवात करायची, असा हा बेत होता.

चित्र कुठे टांगले, याला एवढे महत्त्व का?

डिसेंबर १९१५. पहिले महायुद्ध सुरू होते. पेत्रोग्राद, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एक प्रदर्शन भरले. त्याचे नाव होते ‘शेवटचे फ्यूचरिस्ट प्रदर्शन ०.१०’. हा आकडा दशांश एक असा वाचायचा नसून ‘शून्य-दहा’ असा वाचायचा. शून्य म्हणजे जुने सगळे पुसून टाकणे. दहा म्हणजे सुरुवातीला ठरलेले दहा चित्रकार. प्रत्यक्षात १४ जणांनी भाग घेतला.

मालेविच यांनी तिथे ३९ चित्रे मांडली. त्या दालनाचे एक छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्यात भिंतीवर रंगीत भौमितिक आकारांची चित्रे दाटीने लावलेली दिसतात. मात्र काळा चौकोन इतर चित्रांच्या रांगेत नाही. तो दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, छताला लागून, खाली किंचित झुकलेला असा लावला होता.

आपल्याला हा निव्वळ मांडणीचा भाग वाटेल. रशियन प्रेक्षकाला तसे वाटणे शक्य नव्हते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत नेमक्या याच कोपऱ्यात येशू, मेरी आणि संतांच्या पवित्र प्रतिमा ठेवल्या जात. त्याला ‘लाल कोपरा’ म्हणत. जुन्या रशियन भाषेत लाल या शब्दाचा अर्थ सुंदर असाही होता. घरात आलेला पाहुणा आधी त्या कोपऱ्याकडे वळून क्रूसाची खूण करी आणि मग यजमानांशी बोले. आपल्याकडे घरातल्या देव्हाऱ्याला जे स्थान, तेच त्या कोपऱ्याला.

आता कल्पना करा. पाहुणे घरात आले, सवयीने देव्हाऱ्याकडे हात जोडले, आणि तिथे मूर्तीच्या जागी एक काळी पाटी. धक्का बसेल की नाही? काहींना ती विटंबना वाटेल. काहींना वाटेल की मूर्ती काढली असली तरी देव्हारा तसाच ठेवला आहे, म्हणजे सांगायचे काहीतरी वेगळे आहे. त्या काळातील वजनदार कलासमीक्षक अलेक्झांडर बेनुआ यांना त्या कोपऱ्याचा अर्थ लगेच कळला. चित्रकाराने पवित्र प्रतिमेच्या जागी चौकोन बसवला आहे हे ओळखून त्यांनी कडाडून टीका केली. म्हणजे चित्राचा सर्वात मोठा विरोधक हा त्याचा पहिला नेमका वाचकही ठरला.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला एक शब्द मदत करतो. ‘अमूर्त’ म्हणजे ज्याला मूर्ती नाही, रूप नाही. गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला दगड असतो, ज्याला तांदळा म्हणतात. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. तरी त्याच्यासमोर थांबणारा कुणी ‘हा नेमका कुणासारखा दिसतो?’ असे विचारत नाही. मालेविच यांना तांदळा ठाऊक असण्याचे कारण नाही आणि त्यांचे चित्र पूजेसाठीही नव्हते. मात्र चेहरा नसलेल्या आकारासमोरही माणूस थांबू शकतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

काळ्या रंगाखाली काय सापडले?

चित्राच्या शताब्दीच्या वर्षी, २०१५ मध्ये, त्रेत्याकोव्ह गॅलरीच्या तज्ज्ञांनी क्ष-किरण आणि इतर तंत्रांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. काळ्या थराखाली एक नव्हे, दोन चित्रे आढळली. सर्वात खाली क्युबिस्ट-फ्यूचरिस्ट वळणाची रचना, त्यावर रंगीत भौमितिक आकारांची दुसरी रचना आणि त्यावर काळा. तड्यांतून डोकावणारे रंग त्याच खालच्या चित्रांचे आहेत.

तडे पडण्याचे कारणही यातच दडले आहे. भिंतीचा पहिला गिलावा ओला असतानाच दुसरा हात मारला, तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर आकसतो आणि वरच्याला चिरा जातात. तैलरंगाचेही असेच आहे. खालचा रंग पूर्ण वाळला नसताना वर दुसरा थर चढवला की कालांतराने तडे जातात. मूळ चित्राची अवस्था मालेविच यांच्या हयातीतच एवढी बिघडली की १९२९ मध्ये त्रेत्याकोव्ह गॅलरीतील प्रदर्शनासाठी त्यांनी नवा काळा चौकोन रंगवला.

याच तपासणीत पांढऱ्या पट्ट्यावर पेन्सिलीने लिहिलेली अक्षरेही आढळली. अंधाऱ्या गुहेत कृष्णवर्णीयांची लढाई, अशा अर्थाचे ते शब्द असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. त्याचा संबंध पॅरिसमधील एका जुन्या, वंशभेदी विनोदाशी लावला जातो. १८८२ मध्ये पॉल बिलो यांनी संपूर्ण काळे चित्र अशाच मथळ्याखाली गंमत म्हणून मांडले होते आणि १८९७ मध्ये आल्फोन्स आले यांनी तीच कल्पना पुस्तकात छापली. पेन्सिलीचे शब्द स्वतः मालेविच यांचे की दुसऱ्या कुणी नंतर लिहिलेले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

या माहितीने एक दावा मात्र निकालात निघतो. काळा आयत काढणारे मालेविच जगात पहिले नव्हते. पॅरिसच्या विनोदात काळ्या रंगाखाली ‘न दिसणारे’ दृश्य होते, मथळा वाचून हसायचे होते. मालेविच यांनी मथळाही नुसता ‘चौकोन’ असा ठेवला. काळ्याच्या आड लपलेले काही शोधायचे नाही, समोर आहे तेच बघायचे आहे, हा फरक त्यांनी केला.

‘हे तर कुणीही काढेल’, हे खरे आहे का?

खरे आहे. काळा चौकोन काढायला विशेष कौशल्य लागत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. प्रश्न असा की, हात वळतो म्हणून चित्र महत्त्वाचे ठरते का?

मालेविच यांना माणसे काढता येत होती. चौकोनाआधी त्यांनी ती काढली आणि नंतरही काढली. आयुष्याच्या अखेरीस केलेली व्यक्तिचित्रे पाहिली की हाताबद्दल शंका उरत नाही. म्हणजे जे येत होते ते त्यांनी बाजूला ठेवले. आधीची दोन चित्रे रंगवून झाकली. सूचिपत्रात साधे नाव दिले. टांगायला सगळ्यात अवघड कोपरा निवडला. चौकोन काढणे सोपे होते, हे निर्णय सोपे नव्हते. घरातल्या धाकट्याने काढलेला चौकोन आणि हा चौकोन यांत रेघांचा फरक शोधून फारसे हाती लागणार नाही. फरक या निर्णयांचा आहे आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीचा.

ती किंमत कोणती होती?

१९१७ च्या क्रांतीनंतर सुरुवातीची काही वर्षे नव्या कलेला नव्या सत्तेने जागा दिली. १९१९ मध्ये मालेविच आजच्या बेलारूसमधील व्हिटेब्स्क शहरात शिकवायला गेले. तेथील कला विद्यालय मार्क शागाल चालवत होते. मालेविच यांच्याभोवती ‘युनोव्हिस’ नावाचा विद्यार्थ्यांचा गट जमला. हे विद्यार्थी बाहीवर छोटा काळा चौकोन शिवून फिरत. पुढे मालेविच यांनी लेनिनग्राडमधील एका सरकारी कला संशोधन संस्थेचे नेतृत्व केले. १९२६ मध्ये ती संस्था बंद झाली.

१९२७ मध्ये ते वॉर्सा आणि बर्लिनला गेले. बर्लिनमध्ये त्यांची ७० च्या आसपास चित्रे प्रदर्शित झाली. मात्र मध्येच मायदेशी परतावे लागले आणि चित्रे जर्मनीतच राहिली. ती त्यांना पुन्हा कधी दिसली नाहीत. काही वर्षांत जर्मनीत नाझी सत्तेवर आले. त्यांच्या लेखी अमूर्त कला ही ‘अधःपतित’ होती. ही चित्रे काही मंडळींनी जपून, लपवून ठेवली म्हणून वाचली. त्यांतील मोठा संग्रह १९५८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाकडे आला.

इकडे सोव्हिएत संघात १९३० मध्ये मालेविच यांना अटक झाली. दोन महिन्यांहून अधिक काळ ते कोठडीत होते. १९३२ मध्ये सरकारी हुकमाने स्वतंत्र कलासंघटना गुंडाळण्यात आल्या आणि १९३४ पासून ‘समाजवादी वास्तववाद’ हे अधिकृत धोरण ठरले. चित्रात कामगार हवा, ट्रॅक्टर हवा, हसतमुख शेतकरी हवा, नेता हवा. बघणाऱ्याला एका नजरेत संदेश कळला पाहिजे.

काळ्या चौकोनाची अडचण इथेच होती. तो सत्तेविरुद्ध काही बोलत नव्हता. पण तो सत्तेच्या बाजूनेही काही बोलत नव्हता. त्याच्याकडून काही वदवून घेता येत नव्हते. जिथे प्रत्येक चित्राने काय म्हणायचे हे आधी ठरलेले असते, तिथे काहीच न म्हणणारे चित्रही खटकते.

शेवटच्या वर्षांत मालेविच पुन्हा माणसांची चित्रे काढू लागले. १९३३ च्या आत्मचित्रात ते युरोपातील प्रबोधनकाळातल्या पोशाखात दिसतात. चित्र ओळखीचे, हाताचा पंजा उघडा, चेहरा ठाम. आणि खालच्या कोपऱ्यात सहीच्या जागी एक इवलासा काळा चौकोन. ज्याला हे माहीत आहे त्याला हे आत्मचित्र वेगळेच दिसते.

१५ मे १९३५ रोजी लेनिनग्राडमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पार्थिवामागे भिंतीवर काळा चौकोन लावला होता. शवपेटी त्यांचे शिष्य निकोलाय सुएतिन यांनी सुप्रीमॅटिस्ट पद्धतीने घडवली. अंत्ययात्रेच्या गाडीच्या दर्शनी भागावर काळा चौकोन होता. मॉस्कोजवळच्या नेम्चिनोव्का गावात एका ओक वृक्षाखाली अस्थी ठेवल्या गेल्या आणि तिथे काळा चौकोन असलेला पांढरा ठोकळा उभारला. दुसऱ्या महायुद्धात ती खूण नाहीशी झाली. मूळ ‘ब्लॅक स्क्वेअर’ १९८० च्या दशकापर्यंत लोकांसाठी जवळपास अदृश्यच राहिले.

मग आज त्याची किंमत किती?

मूळ चित्र विक्रीला नाही. मात्र मालेविच यांनी काळा चौकोन वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा रंगवला. असे चार चौकोन आज ज्ञात आहेत आणि चारही रशियातील संग्रहालयांत आहेत. त्यांतील सर्वात लहान चौकोन १९९३ मध्ये समारा शहरात एका बँकेकडे पोहोचला. ती बँक बुडाल्यानंतर २००२ मध्ये उद्योजक व्लादिमिर पोतानिन यांनी १० लाख डॉलर दिले आणि तो हर्मिटेज संग्रहालयात गेला. मालेविच यांच्याच १९१६ मधील एका ‘सुप्रीमॅटिस्ट कॉम्पोझिशन’ला २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ८ कोटी ५८ लाख डॉलर मिळाले.

हे आकडे बातमीत चटकन उठून दिसतात, पण चित्र समजायला त्यांची मदत होत नाही. ज्या वर्षी हा चौकोन कोपऱ्यात लागला, त्या वर्षी त्याला कवडीचाही भाव नव्हता.

मोबाइलवर ते नीट का दिसत नाही?

याला तांत्रिक कारण आहे. आजच्या अनेक फोनमध्ये ओलेड पडदा असतो. त्यात काळा रंग दाखवायचा म्हणजे त्या जागचे पिक्सेल बंद करायचे. म्हणजे फोनवरचा काळा हा प्रकाश नसल्यामुळे दिसणारा काळा. चित्रातला काळा याच्या उलट आहे. तिथे रंगाचे थर आहेत, त्यावर दालनातील उजेड पडतो, ब्रशच्या फटकाऱ्यांवर तो कमी-जास्त चमकतो आणि तड्यांत अडकतो.

दुसरे म्हणजे आकार. ८० सेंटिमीटरचे चित्र सहा-सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर मावते तेव्हा तिरक्या बाजू, पांढऱ्याचे कमी-जास्त पट्टे, खालचे रंग हे सगळे हरवते आणि एक चिन्ह तेवढे उरते. चिन्ह अर्ध्या सेकंदात वाचून होते. म्हणून अंगठा पुढे सरकतो. फोनवरच बघायचे असेल तर संग्रहालयाने दिलेली मोठी प्रतिमा उघडावी, दोन बोटांनी ती वाढवावी आणि आधी काळ्याच्या कडा चारही बाजूंनी फिरून पाहाव्यात.

आपल्याकडे याचा काही धागा आहे का?

एका शब्दाचा धागा नक्की आहे. मालेविच आपल्या चित्रांना ‘वस्तुविरहित’ म्हणत, इंग्रजीत ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये पदविका घेतलेले, मूळ गोमंतकीय कुटुंबातील चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ म्हणजे ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द पसंत नव्हता. तेही ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हाच शब्द वापरत. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. या संग्रहालयाचे सुरुवातीचे नाव ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ असेच होते.

दोघांच्या वाटा वेगळ्या. मालेविच यांचा चौकोन एका जगाला नकार देत आला, गायतोंडे यांचे रंग शांतपणे थरांतून वर येतात. पण शब्दाचा आग्रह सारखाच. एखाद्या वस्तूचे रूप पिळून काढलेला अर्क म्हणजे अमूर्त, अशी समजूत असते. या दोघांना ते मान्य नव्हते. चित्र दुसऱ्या कशाचे तरी नसून ते स्वतःच एक वस्तू आहे, असे त्यांचे म्हणणे.

मग अमूर्त चित्र बघायचे कसे?

मुंबईत काळा घोडा परिसरातील जहांगीर आर्ट गॅलरी किंवा समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय असो, अथवा आपल्या शहरातील एखादे छोटे कलादालन असो, अमूर्त चित्रासमोर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे कशाचे चित्र आहे?’ मालेविच यांच्या चौकोनावरून काही दुसरे प्रश्न सुचतात.

१. समोर प्रत्यक्ष काय आहे? अर्थ शोधण्याआधी यादी करा. किती रंग, कडा सरळ की तिरक्या, रंग जाड की पातळ, रिकामी जागा खरोखर रिकामी आहे की रंगवलेली?

२. पुढे काय आणि मागे काय? काळा चौकोन पांढऱ्यावर ठेवलेला वाटतो की पांढऱ्यात पडलेले भोक वाटते? दोन्ही आलटून पालटून दिसू लागले की चित्र काम करू लागले, असे समजा.

३. ते कधी आणि कुठे मांडले गेले? चित्राशेजारची पाटी वाचायला संकोच नको. १९१५ हे साल आणि तो कोपरा माहीत नसेल तर अर्धे चित्र हातून सुटते.

४. चित्रकाराने काय काय सोडून दिले? त्याला आणखी काय येत होते, हे पाहिले की त्याने ठेवलेल्या गोष्टींचे वजन कळते.

५. पाच मिनिटे थांबता येते का? फोन खिशात ठेवून बघा. एवढा वेळ देऊनही चित्र आवडले नाही, तर तेही उत्तर प्रामाणिकच. बेनुआ यांनाही ते आवडले नव्हते, पण त्यांनी ते नीट पाहिले होते.